फुंकर मास्तर

ते सायकल रस्त्याच्या बरोबर मधून चालवायचे. मागून टेंभुर्णीची एसटी आली, की ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. मग खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायचा. मास्तरांच्या पाठीवर त्याचा काही परिणाम दिसायचा नाही. शेवटी एसटीच रस्ता सोडून, कडेच्या धुळीत चाकं घालून पुढे निघून जायची. मग पांढरा पायजमा, पांढरा सदरा घातलेले मास्तर त्या धुळीतून हळूहळू बाहेर यायचे. झोपेतून उठून आलेला माणूस दिसतो तसे दिसायचे ते तेव्हा.

गाव म्हणायचं, मास्तर लई शिष्ट. हाक मारली तर वळून बघत न्हाई.

मी त्या गावात गेले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझी पहिलीच नेमणूक. जालन्यात वाढलेली, नुकतीच डी.एड. झालेली मुलगी. जालना तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आमचे सगळे कागद औरंगाबादला जायचे. शाळा म्हणजे दोन पक्क्या खोल्या, एक पत्र्याची खोली आणि पुढे लांबलचक व्हरांडा. आम्ही शिकवणारे तिघंच. एक हेडमास्तर, एक मी आणि एक ते. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता, कारण पहिली कुणालाच नको असते आणि त्यांना दुसरं काहीच नको होतं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. हजर झाल्यावर हेडमास्तरांनी मला शाळा दाखवली आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात आणून उभं केलं. मला वाटलं आपण जालन्याच्या एखाद्या जिनिंगमध्ये आलो. खोलीभर कापूस उडत होता. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. खाली पोरं मांडी घालून बसली होती. प्रत्येकाने तळहात तोंडासमोर धरलेला आणि तळहातावर कापसाचा एकेक पुंजका, चिमटीत मावेल एवढा. मास्तर फळ्यापाशी उभे होते. त्यांच्या हातावरही कापूस होता.

"क," मास्तर म्हणाले.

"क," सगळी पोरं म्हणाली. कापूस जागचा हलला नाही.

"ख."

"ख." आणि सगळ्या वर्गाचा कापूस एकदम उडाला.

हेडमास्तर माझ्याकडे बघून नुसते हसले. "हे असंय," ते म्हणाले. "गाव त्यांना फुंकर मास्तर म्हणतं. तुम्ही तिसरी घ्या."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बाराही महिने कापूस असायचा. बाजाराला जाणाऱ्या गाड्या बाभळींना घासून जायच्या तेव्हा काट्यांना जो कापूस लागून राहायचा, तो पोरं वेचून आणायची. त्यांनी सगळ्या अक्षरांची दोन घरं केली होती. उडती अक्षरं आणि बसती अक्षरं. ख, घ, छ, झ, ठ, थ, फ, भ ही उडती. त्यांच्याजवळची क, ग, च, ज ही बसती. पोरांना उडत्या अक्षरांचं फार प्रेम. शाळा सुटल्यावर घरी जातानाही ती एकमेकांच्या तोंडावर थ आणि फ फेकत जायची.

मी नवीन होते, शिकून आलेली होते. पहिल्या आठवड्यातच मी त्यांना विचारलं, "गुरुजी, पुस्तकात तर क कमळाचा आहे. आपण तसं का शिकवत नाही?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांची ही सवयच होती. तुम्ही बोलायला लागलात, की ते तुम्हाला उजेडाकडे तोंड करून उभं करायचे, आणि बोलून झाल्यावरही थोडा वेळ तसंच बघत राहायचे.

"बाई, या गावात कमळ कुठं हाये?" ते म्हणाले. "पोरानं आधी कमळाचं चित्र बघायचं, मंग हे कमळ हाये म्हणून आपण सांगायचं, मंग कमळातला क काढायचा. एवढा लांबचा फेरा कशाला? तोंड हाये की त्याच्याजवळ."

"पण लक्षात राहायला बरं पडतं."

"कमळ राहतं लक्षात. क राहत न्हाई. तुमच्या तिसरीतल्या एखाद्याला कप वाचायला सांगून बघा."

मी खरंच सांगून बघितलं. मुलगा उभा राहिला, फळ्याकडे बघून म्हणाला, "कमळाचा क, पतंगाचा प," आणि गप्प बसला. पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे एक कमळ होतं आणि एक पतंग होता.

पुढे काय करायचं ते मास्तर व्हरांड्यात शिकवायचे. एका टोकाला एक पोर उभं करायचं, त्याला घ द्यायचा. दुसऱ्या टोकाला दुसरं, त्याला र. दोघांनी आपापला आवाज तोंडात धरून एकमेकांकडे चालत यायचं. घ, घ, घ. र, र, र. जवळ येता येता दोघं पळायलाच लागायची आणि मधे धडकायची, आणि धडकताना बाकीची सगळी ओरडायची, "घर." कधी तीन-तीन पोरं धडकायची, पडायची, गुडघे फुटायचे. कमल म्हणताना एकदा एका पोराचा दात पडला. तो हलतच होता म्हणा. अजूनही एखादा शब्द अडला, म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा वगैरे, तर मला तो लांब व्हरांडा दिसतो. दुपारचं ऊन दिसतं. दोन्हीकडून पोरं पळत येताना दिसतात.

जल्दी हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. "जल्दी वाचणारं पोरगं वाचत न्हाई, अंदाज करतं. हळू वाच. बराबर वाच."

एक गोष्ट मला मागाहून कळली. पूर्वी ते ग आणि क यांतला फरक शिकवताना पोरांच्या गळ्याला बोटं लावून बघायचे. ग म्हणताना गळा आतून गुणगुणतो, क म्हणताना गप्प असतो. मास्तर बौद्ध. गावातल्या एका मोठ्या घरातून निरोप आला, की आमच्या पोराच्या गळ्याला हात लावत जाऊ नका. हा निरोप हेडमास्तरांनीच त्यांना सांगितला. मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून पाटी घेतली. पोरानं पाटीची एक कड हनुवटीला टेकवायची, दुसरी कड मास्तर दोन बोटांत धरायचे. ग म्हटलं की पाटी झणझणायची आणि त्यांच्या बोटांना ते कळायचं. त्या मोठ्या घरातला मुलगाही त्या पाटीवरच वाचायला शिकला, आणि वर्गात सगळ्यात आधी शिकला. मास्तरांनी त्या घराबद्दल माझ्याजवळ कधी एक अवाक्षर काढलं नाही. हे मला हेडमास्तरांनीच सांगितलं, सांगताना ते खाली बघत होते.

त्या वर्षी फाल्गुनात मोठी वावटळ आली. मी माझ्या वर्गात होते. आधी सगळं पिवळं झालं, मग दारं आपटायला लागली, आणि मग असा आवाज झाला की मला वाटलं खोलीच कोसळली. पत्र्याच्या खोलीवरचा एक पत्रा उचकटून दुसऱ्या पत्र्यावर आपटत होता. पोरं किंचाळत होती. मी धावत व्हरांड्यात आले आणि पत्र्याच्या खोलीच्या दारातच थांबले.

मास्तर पाठमोरे उभे राहून फळ्यावर लिहीत होते. डोक्यावर पत्रा धडाधड आपटत होता, पोरं भिंतीला चिकटून रडत होती, आणि ते शांतपणे व चं पोट गोल करत होते. अक्षर पुरं झालं. ते वळले. त्यांनी पोरांचे चेहरे बघितले, पोरं वर बघत होती म्हणून त्यांनीही वर बघितलं, आणि मग खडू टाकून, दोघा-तिघांना काखेत धरून ते बाहेर पळाले.

सगळी पोरं माझ्या वर्गात आणून बसवली. वारा पडला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

"तुम्ही बघितलं," ते म्हणाले.

"गुरुजी, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"डावा कान लहानपणीच वाहून गेला. उजव्यानं आतापर्यंत साथ दिली. आता त्यात नुसतं भुंग्यावानी घुमतं. बाई, हे कुणाला बोलू नका. तीन पोरी हायेत मला."

मी कुणाला बोलले नाही. मग कितीतरी गोष्टी मला आपोआप उमगत गेल्या. ती एसटी, ते उजेडाकडे तोंड करून उभं करणं, ती पाटी. पहिलीतली पोरं त्यांच्याशी बोलायच्या आधी त्यांची बाही का ओढतात, तेही. पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांशी बोलायचं तर आधी बाही ओढायची, मग त्यांच्यासमोर जाऊन तोंड उघडायचं, ही रीतच आहे असं त्यांना वाटायचं. माझ्या वर्गात आलेली पोरंही सुरुवातीला माझा पदर ओढायची.

त्यानंतर ते माझ्याशी मोकळं बोलायला लागले. मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर चहा घ्यायचो. ते बशीत चहा ओतून बशी धरूनच बसायचे, कारण पिताना माझं तोंड दिसत नसे. चहा गार व्हायचा. एकदा त्यांनी मला सांगितलं की ते शाळेत गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दू होती.

"घरी माय मराठी बोलायची, शाळेत मी अलिफ बे घोकायचो. हुशार होतो मी बिलकुल. पण मायनं विचारलं, अरे तुला माझं नाव लिहिता येतं का, तर मी उर्दूत लिहून दाखवलं. ती म्हणाली, हे माझं न्हाई वाटत. राज्य गेलं, मराठी शाळा आल्या, तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. मी माझीच भाषा पहिलीतल्या पोरासंगं बसून शिकलो. तवा एक कान चालू होता. एकेक अक्षर तोंडात घोळवून बघायचो. जीभ कुठं जाती, वारा कुठून जातो. लहानपणी शिकणारा माणूस हे विसरून जातो बाई. मी मोठेपणी शिकलो, म्हणून मला याद राहिलं."

"मग आईचं नाव लिहून दाखवलंत?"

"दाखवलं. तिनं बोट फिरवलं त्याच्यावरून. म्हणाली, हां, हे माझ्यावानी दिसतं."

पुढच्या दिवाळीनंतर इंदू शाळेत आली, ती शिकायला नाही. तिची माय कापूस वेचायला रोजानं जायची. नवरा वारलेला. पोरगी सात-एक वर्षांची, तिला ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. रानात तिला एकटं सोडायची भीती, म्हणून कामाला जाताना माय तिला शाळेच्या व्हरांड्यात बसवून जायची. गाव तिला मुकी म्हणायचं. तिचं नाव इंदू आहे हे मलाही बऱ्याच दिवसांनी कळलं. ती खांबाला टेकून बसायची आणि पत्र्याच्या खोलीच्या दारातून आत बघायची.

एके दिवशी मास्तर वर्गातून बाहेर आले आणि मला हाताने बोलावलं. इंदू खांबापाशी बसली होती. तिने कुठून तरी कापूस मिळवला होता, तळहातावर ठेवला होता, आणि आतल्या पोरांकडे बघून ओठ हलवत होती. आत पोरं प म्हणाली. तिनेही ओठ मिटून उघडले. कापूस बसून राहिला. आत पोरं फ म्हणाली. तिचा कापूस उडाला. तोंडातून आवाज काहीच नव्हता. पण उडायचा तेव्हाच उडाला.

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी बोट आपल्या कानाला लावलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तिच्या कानाकडे बोट दाखवलं आणि तशीच मान हलवली. ती आधी घाबरली. मग तिने हात पुढे करून त्यांच्या कानाला हात लावला. किती तरी वेळ ती तो कान चाचपत होती.

तेव्हापासून ती आत बसायला लागली, अगदी पुढे. पाटीची एक कड हनुवटीला लावून ती दुसरी कड मास्तरांच्या गळ्याला लावायची, त्यांचा आवाज आपल्या जबड्यात घ्यायची आणि मग तसाच आपल्या गळ्यातून काढायला बघायची. पहिले कित्येक दिवस नुसता घरघराट. वर्गातली पोरं हसली नाहीत असं नाही. पहिल्या दिवशी हसली. मास्तरांना ते हसणं ऐकू गेलं नाही आणि इंदूलाही नाही, त्यामुळे हसण्याचं पुढे काही झालं नाही. पोरांनी आपणहूनच ते सोडून दिलं.

तिला आलेला पहिला शब्द माय. म साठी ओठ मिटायचे आणि पाटी झणझणवायची, मग तोंड उघडायचं. संध्याकाळी तिची माय आली, ओटीच्या फडक्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. ती फाटकाशी उभी राहून गडूतलं पाणी पीत होती. इंदू व्हरांड्यातून म्हणाली, "माऽय."

मायने वळून बघितलं नाही. हाक आपल्याला असेल असं तिच्या मनातच आलं नाही. आजवर तिला पाठीमागून कुणी तशी हाक मारली नव्हती. इंदू पळत गेली, तिच्या लुगड्याला धरून तिला फिरवलं, आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन परत म्हणाली.

ती बाई रडली वगैरे नाही. ती पायरीवर येऊन बसली. गडू खाली ठेवला. मग मास्तरांना म्हणाली, "मास्तर, अजून एक डाव म्हणायला लावा तिला."

जूनमध्ये मास्तरांनी इंदूचं नाव पटावर घातलं. हेडमास्तरांना ते आवडलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. वर्षभराने निवृत्त व्हायचे होते आणि तोवर कुणी काही विचारू नये एवढीच त्यांची इच्छा होती. "तपासणीत साहेबांनी तिला उभं केलं तर मी काय सांगू?" ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "तिला उभं करू द्या."

तपासणी झाली ती थंडीत. विस्तार अधिकारी जीपमधून आले. स्वेटर घातलेले, शांत बोलणारे गृहस्थ होते. पहिलीच्या वर्गात ते बराच वेळ बसले आणि खूष झाले. हेडमास्तर आणि मी मागे उभे होतो. पोरं धडे पाठ न म्हणता खरोखर वाचत होती. मग इंदूची पाळी आली. ती उभी राहिली आणि तिने फळ्यावरचं वाक्य वाचलं. आम्हाला सवय होती. त्यांना नव्हती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ही मुलगी ऐकते का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणाले.

ते उठले, त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, दार. इंदूने ते तिच्या जड आवाजात वाचलं, मग चालत गेली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली.

साहेब खुर्चीत बसले. "हुशार आहे," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो, हिला इथं ठेवू नका. बहिऱ्या मुलांची वेगळी शाळा असते. हिचं नाव इथून काढा."

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते. "साहेब, ती शाळा लांब हाये. हिची माय रोजावर जाती. पोरगी तिकडं गेली तर तिला आणायला-न्यायला कोण हाये? नाव काढलं तर ती परत खांबाला टेकून बसन."

"पण गुरुजी, न ऐकणाऱ्या मुलाला साध्या शाळेत शिकवता येत नाही. तिला काय कळतं, काय नाही, हे शिकवणाऱ्याला कसं समजणार?"

"मला समजतं."

"कसं?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मलाही ऐकू येत न्हाई, साहेब," ते म्हणाले.

साहेब उठून खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि बाहेर बघत साध्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमची नोकरी किती झाली?"

मास्तर हात जोडून उभे होते, साहेबांच्या पाठीकडे बघत. उत्तर आलं नाही. साहेबांनी परत विचारलं. तेव्हा पुढे बसलेल्या एका पोराने उठून मास्तरांची बाही ओढली, आणि त्यांच्यासमोर जाऊन, तोंड मोठं उघडून ते म्हणालं, "गुरुजी, साहेब इचारून राह्यले."

साहेब वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते थकल्यासारखे दिसत होते. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले. "आता मला लिहावं लागेल."

"लिहा साहेब. पण ती वाचते, हे पण लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. हे मी त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. इंदूचं नाव पटावर राहिलं, आणि मास्तरांना औरंगाबादला डॉक्टरांपुढे जावं लागलं. नोकरी गेली नाही, पगारही चालू राहिला. शिकवण्याचं काम मात्र गेलं. त्यांना तालुक्याच्या ऑफिसात, शाळांची पुस्तकं ठेवायच्या खोलीवर नेमलं.

गावात ही बातमी पसरली, तशी ती एसटी सायकलच्या मागे हळू चालायला लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा नाही. बदलीवर जाईपर्यंतचे तेवढे दिवस मास्तर पुढे आणि एसटी मागे, असे दोघं गावात यायचे. मास्तरांना मागे एसटी आहे हे कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी नेहमीसारखा वर्ग घेतला, ळ शिकवला, आणि जाताना खिशातला कापूस माझ्या टेबलावर काढून ठेवला. "पहिली तुम्हीच घ्या बाई," ते म्हणाले. मी घेतली. पुढे नोकरीभर मी पहिलीच घेतली.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी इंदूला आणि तिच्या मायला घेऊन त्यांना भेटायला तालुक्याला गेले. ऑफिसच्या मागच्या अंगाला एक लांब खोली होती. छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. नव्या शाईचा आणि कागदाचा तो वास मला आवडायचा. वर एक झरोका होता, त्यातून येणाऱ्या उजेडात मास्तर स्टुलावर बसले होते. जरा वाळले होते. आम्हाला बघून उठले, इंदूच्या डोक्यावर हात ठेवला, मायला बसायला पोतं अंथरून दिलं.

"बघा बाई," ते मला म्हणाले, "सगळ्या तालुक्याची कमळं माझ्या ताब्यात हायेत आता." आणि हसले.

मग त्यांनी एक गठ्ठा सोडला आणि त्यातून एक कोरं पुस्तक काढलं. तिसरीचं होतं. इंदूने ते कधी बघितलं नव्हतं, मीही तिला ते शिकवलं नव्हतं. त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती. मास्तरांनी ती हलक्या हाताने सुटी केली, पुस्तक तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः तिच्यासमोर, तिचं तोंड दिसेल असे बसले.

इंदू वाचायला लागली.

तिचा आवाज कसा होता हे लिहून दाखवता येत नाही. तो जमिनीतून यावा तसा जड यायचा, मधेच एकदम वर चढायचा, एखादं अक्षर सापडेपर्यंत लांबत राहायचा. ण तिला जमत नव्हता, पाणी आलं तिथं पानी झालं. पण ती एकही शब्द सोडत नव्हती. बोट ओळीखालून सरकत होतं. मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते आणि तिच्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. एका शब्दाशी ती थांबली, मागे गेली, परत आली, आणि तो शब्द तिला लागला. मास्तरांनी मान हलवली.

"कानाला कसं लागतं?" त्यांनी तिच्यावरची नजर न काढता मला विचारलं. मग लक्षात आलं, की माझं उत्तर त्यांना बघावं लागेल. तेव्हा क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"जड लागतं गुरुजी," मी म्हणाले. "पण सगळं कळतं."

"बराबर," ते म्हणाले आणि परत तिच्याकडे वळले.

ऑफिसातल्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पलीकडच्या खोलीत कुणी तरी काही विचारत होतं. मग एक कारकून दारात आला, हातात फाईल तशीच. त्याने आत वाकून बघितलं. त्याला स्टुलावर मास्तर दिसले असतील, एक पोरगी, आणि भिंतीशी पोत्यावर बसलेली एक बाई.

"काय झालं हो?" तो म्हणाला. "पोरगी का रडून राह्यली?"

मी बोलणार होते. पण इंदूची माय उठून उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"रडत न्हाई साहेब," ती म्हणाली. "वाचून राह्यली."

कारकून तिथेच उभा राहिला. आत त्या दोघांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. पान संपलं होतं, आणि इंदूने बोट ओलं करून ते उलटलं.